खोडायचं नाही

कौतुक करणं हा माझा प्रांत नाही. बारा वर्षं शेजारच्या टेबलाला बसून मी दीपाली ओव्हाळचं एकदाही कौतुक केलं नाही, ते आज उरकतो.

तिचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. तिथल्या वहीत चूक झाली तर खोडायचं नाही. एक आडवी रेघ, खाली बरोबर नोंद, शेजारी सही. ही शिस्त मुलीने क्वार्टर्समधून थेट आमच्या ऑफिसात आणली. आमचं काम डेटाबेसचं. एकच माहिती तीन मशीनवर ठेवायची, म्हणजे एक बंद पडलं तरी अडत नाही. त्यातही ग्राफ डेटाबेस म्हणजे दीपालीचा हातखंडा: माणसं हे ठिपके, नाती या रेघा. रक्तदात्यांची यादी तिने तशी बांधली. पण बाईंचा हट्ट असा, की पुसलेलंही वेगळ्या जागी कायम राहणार. जागा खातं म्हणून मी वर्षानुवर्षं कटकट केली. ती ऐकून घ्यायची आणि करायचं तेच करायची.

मग मी दिवे लावले. सख्ख्या भावंडांचं मधलं नाव आणि आडनाव जुळत नसेल तर ते नातं चुकीचं, काढून टाका, असा नियम लिहिला. लग्नानंतर बहिणीची दोन्ही नावं बदलतात, हे दोन बहिणींच्या या भावाला सुचलं नाही! रेघा पुसल्या गेल्या, तिन्ही मशीनवर, अगदी इमानेइतबारे.

गेल्या मार्चात मच्छिंद्र नावाचा गवंडी वाघोलीत बांधकामावरून पडला. बेशुद्ध. रक्त निघालं बॉम्बे गटाचं, हजारोंत एखाद्याचं. शहरात एक पिशवी मिळेना. हा गट सख्ख्या भावंडांत असू शकतो, पण साध्या तपासणीत तो ओ दिसतो, त्यामुळे आधी भावंड सापडायला हवं. सोबतच्या कामगारांना त्याच्या घरचं काही ठाऊक नव्हतं, आणि आमच्या यादीत त्याला कुणीच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत रक्त नाही मिळालं तर आशा सोडा.

दीपालीने पुसलेल्या नोंदी उघडल्या. एका जुन्या रक्तदान शिबिरात त्याच्यासोबत धाकटी बहीण होती, प्रेमला. आता लग्न होऊन लोणी काळभोरला; यादीत तिचं नाव नवं, नंबर नवा, फक्त भावाकडे जाणारी रेघ पुसलेली. फोन मी लावला.

"दादा हाय ना अजून?" एवढंच विचारून ती निघाली.

दुपारी तिचं रक्त तपासलं. जुळलं. ऑपरेशन निभावलं, मच्छिंद्र वाचला.

मी खुर्चीत बसून रडलो, सांगायला लाज कसली. मग तो नियम मागमूस न ठेवता उडवायला निघालो. दीपालीने हात धरला.

"खोडू नकोस, आमोद. खाली बरोबर लिही आणि सही कर."

आडवी रेघ मारलेला तो नियम अजून तिथेच आहे, खाली माझी सही. नवी माणसं कामावर येतात, वाचतात आणि विचारतात, हे कुणा गाढवाने लिहिलंय? मी हात वर करतो, आणि प्रेमलाची गोष्ट सांगतो.