सगळ्यात वरची जागा

धाकटीचं काहीतरी बिनसलंय, हे आईच्या मनातून काही केल्या जात नव्हतं. फोनवर आवाज नेहमीचा होता, "मी मजेत आहे गं" हेही नेहमीचंच. पण सकाळी चहाचा कप घेऊन आई लेकीचा फोरम उघडायची, आणि चहा तसाच गार होऊन जायचा.

धाकटी दूरच्या शहरात एका ऑनलाइन फोरमसाठी काम करायची. घरातल्या मोडक्या वस्तू स्वतः दुरुस्त करणारे लोक तिथे लिहीत. रोजच्या ढीगभर पोस्टमधून कुठल्या मोजक्या पोस्ट पहिल्या पानावर झळकवायच्या, हे धाकटी ठरवायची. आईला त्या दुरुस्तीतलं ओ की ठो कळत नसे, पण लेकीची निवड ती डोळे मिटून ओळखायची. ती निवड तिच्याच स्वयंपाकघरात, फ्रिजच्या दारावर सुरू झाली होती.

तेव्हा घरात मिरवण्यासारखं जे काही येई, ते चुंबकाने फ्रिजवर लागायचं. थोरल्याचं धावण्याच्या शर्यतीचं प्रशस्तिपत्र कितीतरी दिवस सगळ्यात वर होतं. एकदा धाकटीने स्टुलावर चढून ते खाली सरकवलं आणि तिथे बाबांची चिठ्ठी लावली : 'दूध उतू गेलं. ओटा पुसलाय. रागावू नये.'

थोरला भडकला. "ए शहाणे, पहिलं बक्षीस आहे ते माझं!"

"तुझं बघून झालंय सगळ्यांचं. बाबांचं कोणी वाचलंच नाही."

"नाही वाचलं म्हणून तर वाचलो!" बाबा पेपराआडून म्हणाले. "राहू दे गं खालीच."

हसून हसून पुरेवाट झाली. त्या दिवसापासून फ्रिज धाकटीच्या ताब्यात गेला.

नोकरीतही तिने तेच चालवलं. शेकडो लाइकवाली पोस्ट बाजूला ठेवून ती कुणा आजोबांचा प्रश्न वर लावायची : 'बायकोचं जुनं शिलाई मशीन अडकलंय, कोणी सांगेल का?' दुपारपर्यंत उत्तरांची रीघ लागायची. साहेबांना मात्र गर्दी खेचणाऱ्या पोस्ट हव्या असत. "आई, आज परत भांडले गं," असं सांगून ती खुदकन हसायची.

हल्ली ते भांडण ऐकूच येत नव्हतं. आणि पहिल्या पानावर सगळा लाइकवाल्यांचा थाट. आज तर टाकाऊ चमच्यांचं झुंबर! आई खाली खाली बघत गेली. प्रश्न तिथे तसेच पडून होते, कोणी उत्तर न दिलेले.

"ही निवड तिची नाही हो."

"कामाचा ताण असेल," बाबा म्हणाले. "मजेत आहे म्हणाली ना परवा?"

"म्हणाली. आणि आपण लगेच थोरल्याच्या बढतीकडे वळलो. अर्धा तास तेच. पोरीला कोणी काही विचारलं का?"

बाबांनी पेपर खाली ठेवला. "कामाच्या वेळेत फोन केलेला तिला आवडत नाही हं."

"रागावू दे."

आज थोरल्याचं अवाक्षर काढायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं, चष्मा नाकावर सरकवला आणि धाकटीचा नंबर लावला.