यान परत आलं, पण मशीनं न्यायला

आज छापखान्याच्या प्रेसवाल्याने दादाची कॉमिक न छापताच परत केली, म्हणून लिहिणं भाग आहे.

इंदूरची मिल बंद पडल्यावर तिथे कामाला असलेल्या माझ्या दादाने ही कॉमिक घरी बसून पाठकोऱ्या कागदांवर काढली. तिच्यात परग्रहवासी, पूर्वी जिथे कारखाना काढला होता त्या मागासलेल्या ग्रहावर परत येतात. आता पुन्हा कामावर घेतील म्हणून लोक डबे घेऊन यानापुढे रांग लावतात. पाहुणे फक्त कारखान्यातली मशीनं उचलून नेतात.

दादा आता अंथरुणावर आहे. ती छापलेली बघायची, एवढीच त्याची इच्छा.

"मजा आ गया, ताईजी! पण घेणार कोण? माझीच मुलं मराठी वाचत नाहीत," प्रेसवाला म्हणाला.

दादा ऐकून हसला. "मिलची मशीनंही भंगारातच गेली, कुसुम. देऊन टाक रद्दीत."



संध्याकाळी रद्दीवाल्याला दिलं: जुनी वर्तमानपत्रं आणि दादाची कॉमिक, सगळी पानं.