तुमच्यात आणि आमच्यात

माझी चौथी झाली आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर म्हणजे ओल्या जमिनीवर कोंबडी चालून गेल्यासारखं. हा कागद कुणाच्या हाती लागलाच तर त्याने सांभाळून घ्यावं. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. एकदाच फुटला, त्याची ही हकीकत आहे.

नव्वदच्या आगेमागे आम्ही जळगावात राहायचो. नवरा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहायचा. मी एका मारवाडी जैन घरी उन्हाळ्यात पापड लाटायची आणि बाकीचे महिने डाळ निवडायची. पुढे त्यांचं धान्याचं दुकान, मागे घर. घरातल्या मोठ्या बाईंना सगळे भाभी म्हणत, मीही म्हणायची. माझा चहाचा कप खिडकीत वेगळा असे. पिऊन झाला की मीच तो धुऊन परत तिथे ठेवायची. त्याचं तेव्हा काही वाटत नसे. मुलीला विषमज्वर झाला तेव्हा याच भाभींनी मागताक्षणी सहाशे रुपये उचल दिली. व्याज लावलं नाही. "कामात फेडशील," एवढंच म्हणाल्या.

त्याच पावसाळ्यात त्यांचं पर्युषण आलं. नव्या सुनेने अठ्ठाई धरली. म्हणजे आठ दिवस अन्न नाही, फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य मावळायच्या आत. ही सून वयाने लहान होती आणि नुकतीच हिवतापातून उठली होती. सहाव्या दिवशी मी पडवीत डाळ घेऊन बसले होते. ती पाण्याचं भांडं घेऊन आली आणि भिंत धरून उभी राहिली. ओठ पांढरेफटक. मला माझी मुलगी दिसली, खाटेवर पडलेली. आत भाभींच्या नात्यातल्या बायका सुनेची विचारपूस करायला आल्या होत्या. मी सूप खाली ठेवलं, दारात गेले आणि बोलून गेले, "भाभी, तुमच्यात सुनांना फार उपाशी ठेवतात. तिला काही खायला द्या, पडेल ती."

आतल्या बायका दाराकडे वळल्या.

"ऐकलं का," एक पाहुणी म्हणाली, "आता डाळ निवडणारी आपल्याला धर्म शिकवणार."

भाभी उठून दारापर्यंत आल्या. "आम्ही कधी तुझी जात काढली?"

"नाही, भाभी."

"तुमच्यात नवरे दारू पितात, बायका उचल घेऊन गाव सोडतात. बघतोच ना आम्ही. तुझ्या तोंडावर बोललो कधी?"

पाहुण्या हसल्या. भाभी मात्र हसल्या नाहीत, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "उद्यापासून येऊ नको. पैसे तेवढे आणून दे," असं म्हणून त्या वळल्या.

घरी जाताना मला रस्ता दिसत नव्हता. माझा नवरा पीत होता. आमच्या गल्लीतलं एक कुटुंब उचल घेऊन गुजरातेत निघून गेलं होतं, तेही खरं. भाभींनी जे पाहिलं ते सांगितलं. मीही जे पाहिलं ते सांगितलं. मग दोघींनाही एवढं का लागलं? नुसतं 'ती पडेल' म्हटलं असतं तर कदाचित त्या धावल्याही असत्या. मी त्यांचं सगळं गणगोत त्यात ओढलं, आणि पाहिलं होतं एकच घर. पण त्यांनी तरी आमची किती घरं पाहिली होती?

भाभींच्या गल्लीत बातमी पसरली. ज्या दारात जावं तिथे काम नाही. मुलीला दूध बंद केलं. पुढच्या आठवड्यात शेजारीण दारात येऊन उभी राहिली. तिला मीच भाभींकडे कामाला लावलं होतं. तिचे दिवस भरत आले होते.

"तू कसाले बोलनी व माय?" ती म्हणाली. "बाळंतपणले पैसा मांगात तर भाभी म्हणे, तुमना लोकस्ले आते उचल नही. तुनामुळे माले बी नही."

माझ्या बोलण्यापायी तिची बाळंतपणाची उचल गेली होती. मी ताटली पुढे केली. तिने माझ्या हातची भाकरीही घेतली नाही.

त्या रात्री मी नवऱ्याला म्हणाले, हे पैसे फेडायचेच. तो कूस बदलत म्हणाला, "कसाले देस? त्यास्नं घर भरेल शे." त्यांचं घर भरलेलं आहे, कशाला द्यायचे, असं तो म्हणाला आणि मला धडकी भरली. पैसे बुडाले तर भाभींचं म्हणणं माझ्याच हाताने खरं ठरणार होतं. माझ्यापुरतं नाही, शेजारणीपुरतं, तिच्यामागून येणाऱ्या सगळ्यांपुरतं.

मिरचीचा हंगाम लागला तशी मुलीला घेऊन मी गाडीने दोंडाईच्याला बहिणीकडे गेले. तिथे मिरचीचे देठ खुडायचं काम मिळतं. दिवसभर लाल ढिगात बसायचं. बोटं अशी भाजतात की मुलीच्या अंगावरून हात फिरवायची सोय नाही. ती जवळ येऊन रडायची आणि मी हात मागे बांधून बसायची. ढिगावरच्या बायकांना माझी हकीकत कळली तेव्हा त्या म्हणाल्या, ती लोकं असलीच, रक्त पिणारी. मग माझ्याकडे बघत राहिल्या. हो म्हणणं किती सोपं होतं. मला बिनव्याजी दिलेल्या नोटा आठवत होत्या आणि तो खिडकीतला कपही आठवत होता. मी देठ खुडत राहिले. "हिले बोलताच येत नही," एक जण म्हणाली.

दोन हंगाम गेले. नवरा पिऊन टाकेल म्हणून मी हप्त्याहप्त्याने पैसे जळगावातल्या त्याच्या मामाकडून दुकानावर पोचवले. शेवटचे दीडशे स्वतः घेऊन गेले.

दार सुनेने उघडलं. कडेवर मूल होतं. तिने मला ओळखलं आणि हळूच म्हणाली, "मला कुणी उपाशी ठेवलं नव्हतं, बाई. सासूबाई तर रोज सांगत होत्या, सोड म्हणून. माझाच हट्ट होता." मग मुलाला दुसऱ्या कडेवर घेत म्हणाली, "चक्कर येत होती, ते खरं."

भाभी बाहेर आल्या. केस बरेच पिकले होते. मी पैसे त्यांच्या हातात दिले आणि घरून पाठ करून आणलेलं बोलले. "भाभी, आता आमच्या गल्लीतल्या बायकांना उचल द्याल का? मी बुडवले नाहीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी मायेने पाहिलं. "तुझी गोष्ट वेगळी," त्या म्हणाल्या. "तुझ्यासारखी तुमच्यात एखादीच."

मला सांगायचं होतं की शेजारणीने कुणाचा एक पैसा बुडवला नाही. उचल न मिळाल्यामुळे तिने मंगळसूत्रातले मणी विकले होते. पण मी पाठ करून आणलेलं तेवढंच होतं. भाभींनी नोटा दोनदा मोजल्या, पदराच्या गाठीत बांधल्या आणि म्हणाल्या, "झाले पूर्ण. आता काही राहिलं नाही."