आत्यांना काय येतं

कानबाईचा सण येतो तो श्रावण तोंडावर आला होता आणि माझं मन त्या देवीवरून उडालं होतं. जिनं उभा जन्म देवीची गाणी म्हटली, तिचीच वाचा देवीनं का न्यावी? माझ्या सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, एका सकाळी लकवा झाला. उजवं अंग लुळं पडलं, बोलणं थांबलं. गुजरातेतल्या लिंबायतच्या आमच्या गल्लीतून रिक्षात घालून त्यांना दवाखान्यात नेलं, तेव्हा त्यांची नजर माझ्या तोंडावरून हलत नव्हती.

दवाखान्यात कुणी वाईट वागलं नाही. पण जो येई तो आधी फाइल वाची: बोलत नाही, सांगितलेलं करत नाही, घास घेत नाही. मग मोठ्यानं विचारी, "मावशी, नाव सांगा!" आत्यांच्या घशातून नुसती घरघर निघे आणि त्या भिंतीकडे मान फिरवत. माझे मालक पायाशी बसून म्हणत, "माय, बोल ना वं." शेवटी आत्यांनी तोंडच मिटून घेतलं. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. त्या दिवशी मी देवीला म्हटलं, आता माझ्याच्यानं होत नाही. तुझं तू बघ.

दुपारी एक अनोळखी बाई आल्या. वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या, इथल्याच गुजराती. फाइल चाळून त्या माझ्याकडे वळल्या. "बेन, जो नहीं आता वो तो सब लिखा है. इनको आता क्या है?"

मी सांगतच सुटले. आत्या डावऱ्या, साडीवर खडे लावताना त्यांचा हात दिसत नाही इतका चालतो. गल्लीत कुणी बाळंत होणार असली की पहिली हाक यांना. आणि कानबाईची गाणी? म्हणायला बसल्या की बाकीच्या बायका दमतात, या नाही. बोलता बोलता पाहिलं, तर आत्यांनी मान माझ्याकडे वळवली होती. बाईंनी सगळं फाइलीत लिहून घेतलं, दुखण्याच्या शेजारीच. मग म्हणाल्या, "अब आप गाओ."

माझा आवाज फाटका. तरी धरलं एक गाणं. थोड्या वेळानं आत्यांचे ओठ हलले, आणि मग शब्द आला, स्वच्छ, सुरात. मालक रडू लागले. बाई म्हणाल्या, कधी कधी बोलणं जातं, पण गाणं राहतं. असेलही. पण नेमक्या त्या दुपारी त्यांना तो प्रश्न घेऊन कुणी धाडलं, हे मी कुणाशी वाद घालून ठरवत नाही.

संध्याकाळच्या नर्सताईंनी फाइल वाचली आणि काही न विचारता चमचा आत्यांच्या डाव्या हातात दिला. आत्या जेवल्या.

त्या पूर्वीसारख्या बोलत नाहीत. बोलतीलच असं डॉक्टरही म्हणत नाहीत, आणि मी देवीकडे तेवढंच मागत बसायचं सोडलं. तिनं जे ठेवलंय, त्यासाठी ओंजळ धरायची. एखादा शब्द हवा असला की आत्या तो कानबाईच्या गाण्याच्या चालीत म्हणतात. परवा शेजारीण सूर ऐकून दारातून डोकावली. "आज काय कानबाई शे का वं?"

"नही वं," मी म्हटलं, "आत्या पानी मांगी ऱ्हायनी."

आणि तांब्या भरता भरता मनातच हात जोडले.