खाडाखोडीची चार पानं

मुलगी कॉलेजात गेली तेव्हा मी कात्रपला आमच्या बिल्डिंगमध्ये घरोघरी पेढे दिले. तिला मार्क चांगलेच पडत. क्लासचे सर उत्तरं लिहून द्यायचे, ती पाठ करायची. फी कमी करून घ्यायला मी त्या सरांशी दरवर्षी भांडले. पण पोरीला स्वतःचं एक वाक्य तरी लिहायला लावता का, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी लावलं नाही. त्यांच्यावरचा राग अजून आहे.

पहिल्याच सत्रात कॉलेजच्या मॅडमनी प्रोजेक्ट दिला. आपल्या भागातलं एखादं काम बघा, स्वतःच्या शब्दांत लिहा. इंटर्नलचे मार्क त्यावरच होते. उल्हासनगरात माझा जीन्स शिवायचा छोटा कारखाना आहे, मी उभा केलेला. मुलगी दोन दिवस तिथे बसली, बायकांना प्रश्न विचारले, चार पानं लिहिली. ना मथळे, ना मुद्दे, नुसती खाडाखोड. एका ठिकाणी लिहिलं होतं, धागे कापणाऱ्या मावशींचा अंगठा जेवतानाही कात्रीत अडकल्यासारखा ताठ असतो.

"हा प्रोजेक्ट? मावशीचा अंगठा?" मी ओरडले. "कॉलेजात आहेस का बालवाडीत?"

"मॅडम म्हणाल्या, बघितलं ते लिहा."

"मॅडम म्हणतात काहीही. मार्क देताना फाईल बघतात."

पानं मी चिंध्यांच्या गोणीत टाकली आणि कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. त्याच्याकडे तयार प्रोजेक्ट होते.

"ताई, एकदम टॉप. फक्त नाव आणि रोल नंबर बदलायचा."

"रंगीत कव्हर फुकट टाक, नाहीतर बाजूच्या दुकानात चालले."

त्याने टाकलं. मी खूश होऊन घरी आले.

आठवड्याने मॅडमनी मला बोलावलं. टेबलावर तसल्याच सहा फाईली होत्या, आतलं अक्षर न् अक्षर सारखं. मी आवाज चढवला. त्यांनी चढवला नाही.

"हिने आधी काही लिहिलं होतं का? कसंही असू दे, तेच आणा. सोमवारपर्यंत थांबते. नाहीतर शून्य द्यावं लागेल."

गोणी तोवर चिंधीवाला घेऊन गेला होता.

मुलीला म्हटलं, पुन्हा लिही. ती रविवारी कोरे कागद घेऊन कारखान्यात बसली. मशीनी चालू होत्या, बायका आपापसात बोलत होत्या. तिने कुणाला काही विचारलं नाही. समास आखला, पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडे बघत राहिली. चिडलेली नव्हती. क्लासमध्ये बसायची तशी बसली होती.

"मम्मी, तू सांग. मी लिहिते."

"अगं, तुझं तू लिही ना. लिहिलं होतंस की."

"ते चुकलं होतं ना? तू बरोबर सांग."

सोमवार उद्यावर आला होता. मी म्हटलं, "उल्हासनगरात जीन्सचा धंदा फार मोठा आहे."

तिने सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. पेन ओळीच्या शेवटी तसंच टेकवून ठेवलं.

"पुढे?"