नायगावच्या पाहुण्यांना मी जागा दाखवली

माझ्या सख्ख्या बहिणीला मी एकदा तीन वर्षांच्या करारावर द्यायला निघालो होतो. आज हे लिहितानाही कान गरम होतात.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. रोज नवं सरकारी खातं गावात येई आणि बसायला जागा शोधत फिरे. पाऊस मात्र जिल्हा झाल्यापासून गावाकडे फिरकला नव्हता. आमच्या अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, कापडदुकान. त्यांनी घरावर नवा मजला चढवला होता आणि तो एखाद्या सरकारी ऑफिसला भाड्याने द्यायचा, हे त्यांचं स्वप्न होतं. दुसरं स्वप्न अक्काचं लग्न. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. बघायला येणारे पाहुणे पोहे खाऊन ‘कळवतो’ म्हणत आणि कळवत नसत. अक्का पोह्यांना फोडणी देताना हल्ली कढईवर झारा जरा जोरात आपटायची.

मी बी.कॉम. होऊन एम.बी.ए.च्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होतो. मुंबईहून पोस्टाने पुस्तकं यायची. त्यातला एक गणिताचा प्रकार मला फार म्हणजे फारच आवडला होता. एक प्रश्न, खाली दोन विधानं. आपण एवढंच सांगायचं, की उत्तर काढायला ही माहिती पुरेशी आहे की नाही. प्रत्यक्ष उत्तर काढायचंच नाही!

“म्हणजे कसं?” अव्वाने, म्हणजे आईने, एकदा विचारलं.

“रामूचं वय काय, असा प्रश्न. पहिलं विधान, रामू शामूपेक्षा चार वर्षांनी मोठा. दुसरं, दोघांच्या वयाची बेरीज वीस. एकेकटं विधान पुरत न्हाई, दोन्ही मिळून पुरतात. झालं, सुटलं!”

“मग रामूचं वय किती?”

“ते काढायचं नसतं.”

“अरे, पण लेकराचं वय तरी सांग!”

अप्पा हिशेब करता करता म्हणाले, “उत्तर न काढता पास करतेत? मग आम्हाला गुरुजी उगंच मारत होते व्हय?”

मला त्यांच्या अडाणीपणाची कीव आली. (ती मी चेहऱ्यावर दिसू दिली. तेव्हा मी तसाच होतो.)

अशात एके दिवशी अप्पांनी जाहीर केलं, “आज दोन पार्ट्या येणार. नायगावचे पाहुणे अक्काला बघायला, आणि सरकारी माणूस वरची जागा बघायला. कोणालाच आपण आधी पाहिलेलं न्हाई. तेव्हा नीट विचारून घ्या.”

आणि नेमका त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी आरडाओरडा झाला, “टँकर आला!” अप्पा, अव्वा घागरी घेऊन धावले. अक्का आत साडी नेसत होती. जाता जाता अप्पा ओरडले, “दाराशी बस! कोण आलं ते आधी विचार!”

मी पुस्तक घेऊन दाराशी बसलो. थोड्या वेळात एक जीप थांबली. आतून एक मिशीवाले गृहस्थ उतरले, बगलेत फाइल. मागून एक तरुण उतरला आणि उतरल्या उतरल्या आमच्या छताकडे बघू लागला.

विधान एक : जीपमधून आले. विधान दोन : फाइल आहे आणि छत बघताहेत. दोन्ही मिळून पुरेशी! सरकारी माणसं! विचारायची गरजच काय?

(जीप मित्राची होती, फाइलमध्ये मुलाची पत्रिका होती आणि मुलगा वर बघत होता तो लाजून. पण हे मागाहून कळलं.)

“या या! वरच चला!” मी त्यांना जिन्याने वर नेलं. मुलगी वर बसली असेल, असं समजून तेही निमूट आले.

“सगळं व्यवस्थित हाय ना?” मिशीवाल्यांनी हळूच विचारलं.

“एकदम! पावसाळ्यात थोडा त्रास द्यायची. पण आता पाऊसच न्हाई, त्यामुळं यंदा काही तक्रार न्हाई.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “रंगाचं म्हणाल तर,” मिशीवाले म्हणाले, “आमचं रंगाबिंगाचं काही न्हाई.”

“तरी बी तुम्ही येणार म्हणून कालच मारलाय!”

“आधी कुणी बघून गेलं का?”

“लई जण! पोस्टवाले आले, सहकारवाले आले. पण अप्पांचं एकच, द्यायची तर सरकारी माणसाला.”

मिशीवाल्यांचा चेहरा जरा उजळला. “आमचा पोरगा झेडपीतच हाय.”

झालं, माझी खात्रीच पटली! “मग काय! पण कायमची न्हाई बरं का. तीन वर्षांचा करार. पटलं तर वाढवू. न्हाई पटलं तर जशी दिली तशी परत करायची!”

मिशीवाले मटकन खिडकीच्या कठड्यावर बसले.

इतक्यात खाली अप्पा आलेले दिसले. दाराशी एक बारीक चष्मेवाला गृहस्थ उभा होता. मी वरून ओरडलो, “अप्पा, सरकारी लोक वर हायत! तुम्ही पाहुण्यांचं बघा!”

अप्पांनी माझ्यावर विश्वास ठेवला. (आयुष्यात तेवढ्याच एका वेळी!) चष्मेवाल्याला त्यांनी लोडाला टेकून बसवलं. अक्का पोह्यांची बशी घेऊन खाली मान घालून पुढे आली. तो भिडस्त माणूस. त्याने मुकाट्याने पोहे संपवले, हात पुसले, खिशातून टेप काढला आणि म्हणाला, “आता जरा मापं घेतो.”

“पोरीची मापं घेता व्हय?” खालून अप्पा गरजले.

“पोरगी करारावर देता व्हय?” जिन्यावरून मिशीवाले गरजत उतरले.

दोघे समोरासमोर उभे राहिले. गल्लीतले टँकरची रांग सोडून दारात जमले. (त्या दुष्काळात लोकांनी रांग सोडली, यावरून प्रसंग काय असेल बघा!)

अक्काने बशी खाली ठेवली. मिशीवाल्यांना विचारलं, “तुम्ही कुठून आलात?”

“नायगावहून.”

“आणि तुम्ही?”

“बांधकाम खात्यातून,” चष्मेवाला पुटपुटला.

मग अक्काने माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिचे डोळे भरले होते. मी जिन्याखालच्या अंधारात जाऊन उभा राहिलो. हातातलं पुस्तक कुठे लपवावं तेही कळेना.

“चल रे!” म्हणत मिशीवाले पोराला घेऊन जीपमध्ये जाऊन बसले. पण जाणार कुठे? जीप आत आल्यावर टँकर सरकून गल्लीच्या तोंडाशीच आडवा लागला होता! ऊन रणरणत होतं. गाडी तापली. मिशीवाले घाम पुसत समोर बघत राहिले. अप्पांचं बाहेर जायचं धाडस होईना.

शेवटी अक्काच तांब्या-भांडं घेऊन गेली. मी दाराच्या फटीतून बघत होतो.

“काका, करार राहू द्या. पाणी तरी घ्या.”

आधी पोरगा फिस्सकन हसला. मग ड्रायव्हर. मिशीवाल्यांनी बराच वेळ दम धरला, पण मिशी थरथरायला लागली. “तुझा भाऊ,” ते हसत हसत म्हणाले, “जन्मापासूनच असा हाय का?”

“न्हाई काका. शिकून झाला.”

टँकर रिकामा होऊन निघून गेला तरी जीप हलली नाही. पाहुणे परत आत आले, पोहे नव्याने झाले आणि या वेळी ‘कळवतो’ म्हणालेच नाहीत. तिथंच ‘पसंत’ म्हणून मोकळे झाले. चष्मेवाला मात्र तेवढ्यात सटकला आणि ते खातं समोरच्या घरात गेलं. परीक्षेच्या निकालाचं मला विचारू नका.

नायगावात लग्न लागलं, तेव्हा अप्पांनी मला मांडवात एकच काम दिलं होतं. “कुणाला काही दाखवायचं न्हाई, सांगायचं न्हाई. तोंडच उघडायचं न्हाई.” ते मी इतकं चोख केलं, की संध्याकाळपर्यंत गावभर झालं, ‘नवरीचा भाऊ बिचारा मुका हाय.’ कुणीतरी अक्काच्या सासऱ्यांना विचारलंसुद्धा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “हाव. मुकाच हाय म्हणा.”