भाऊंचा खांदा

भाऊ आमदार होते, पण मतदारसंघात कुठेही मयत झालं की गाडी लांब ठेवून, चपला काढून, थेट तिरडीच्या पुढच्या दांडीशी उभे राहायचे. उजवी बाजू त्यांची ठरलेली. कुठल्याही वाडीत जा, लोक सांगतील, "आमच्या बापाला भाऊंनी खांदा दिला." मी दुसरीतून शाळा सोडलेला माणूस, पण मला तेव्हाही वाटायचं, ह्यासाठी का आपण ह्यांना मुंबईला पाठवलं?

माणूस वाईट नव्हता. वाडीत एस्टी त्यांनीच आणली. शेजारच्या सुलूला मुंबईच्या इस्पितळात खाट मिळेना, तर स्वतः तिथे जाऊन बसले. आमच्याकडे आले की खुर्ची सारून पडवीत खालीच बसायचे आणि माझ्या बायकोला हाक मारायचे, "वैनी, कुळथाची पिठी हाय काय?"

मी मात्र एकच मागायचो. आमचं स्मशान पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे. पावसात पऱ्या भरला की तिरडी न्यायची कशी? एक साकव द्या, माणूस जाईल एवढा छोटा पूल.

"तात्या, साकव झाला असं समजा."

"समजून त्याच्यावर पाय ठेवू काय?"

भाऊ हसायचे. "तुम्ही विधानसभेत पाहिजे होतात."

"मग साकव झाला असता."

दोनदा काठावर नारळ फुटला. खोबरं खाल्लं, घरी गेलो.

मग बायको गेली, ऐन श्रावणात. पऱ्या छातीएवढा. भाऊ आले, लेंगा खोचला आणि तिरडी घेऊन पाण्यात उतरले. साठी उलटलेला माणूस, पाय सटकत होता, पण त्यांनी तिरडी कलंडू दिली नाही. पलीकडे गेल्यावर सगळे म्हणाले, "आमदार असावा तर असा!"

माझं डोकं फिरलं. सरणासमोरच बोललो, "भाऊ, खांद्याला माझी भावकी हाय. मला साकव पाहिजे होता."

ते खाली बघत म्हणाले, "तात्या, साकव माझ्या एकट्याच्या हातात नव्हता. खांदा होता."

"मग मतं मागताना तसं सांगायचं होतंत."

वाडी माझ्यावरच उलटली. पुतण्या म्हणाला, "तात्या, काय हे! काकीला पोचवायला आलेल्या माणसाला असं बोलतात?" पुढच्या निवडणुकीत भाऊ पाण्यात उतरल्याची गोष्ट घरोघर झाली आणि साकवाचं नाव कोणी काढलं नाही. भाऊ निवडून आले. मीही त्यांनाच मत दिलं. दुसरा होता कोण?

गेल्या साली भाऊ गेले. त्यांच्या गावात स्मशानापर्यंत डांबरी रस्ता. मी गर्दीत घुसलो आणि उजव्या बाजूला, पुढच्या दांडीला खांदा दिला. चांगल्या रस्त्यावर तिरडीचं ओझं वाटत नाही, हे तेव्हा कळलं.

नवे आमदार मयताला येत नाहीत, मोबाइलवर श्रद्धांजली पाठवतात. म्हणजे साकव नव्हताच, आता खांदाही गेला.

मी पुतण्याला सांगून ठेवलंय. दसऱ्यानंतर पऱ्याचं पाणी उतरतं. तोवर कोणाचा बाप आला तरी मी मरायचा नाही.